आरसा नसलेला कॅमेरा व रोजचीं चित्रें

छायाचित्र काढणें ही गोष्ट आज इतकी सोपी झाली आहे कीं, तिच्याविषयीं कांहीं लिहावें असें सहसा कोणास वाटत नाहीं. ज्याच्या खिशांत मोबाइल फोन आहे त्याच्या खिशांत कॅमेराही आहे. तरी विद्यार्थ्यांस 'कॅमेऱ्याच्या आंत काय असतें?' असें विचारलें तर बहुतेक जण गप्प बसतात. आणि पालकांस 'गेल्या वर्षीं काढलेल्या चित्रांपैकीं किती कागदावर उतरलीं?' असें विचारलें तर तेही हंसून मान हलवितात. गेल्या जून महिन्यापासून आम्ही एक लहानसा, आरसा नसलेला कॅमेरा रोज वापरीत आहों. त्याच्या संगतींत जें शिकावयास मिळालें, तें या अंकाच्या वाचकांपुढें ठेवीत आहों. कोणास कॅमेरा विकत घ्यावयास लावावें हा या लेखाचा हेतु नाहीं. यंत्र कसें चालतें तें समजून घ्यावें आणि समजल्यावर त्याचा उपयोग कशाकडे करावा याचा थोडा विचार करावा, एवढीच आमची विनंती आहे.

प्रथम 'आरसा नसलेला' या शब्दांचा अर्थ पाहूं. एखाद्या वस्तूंत जें नाहीं त्यावरून तिला नांव कां द्यावें, असा प्रश्न कोणी चिकित्सक विद्यार्थी विचारील. त्याचें उत्तर इतिहासांत आहे. कॅमेरा म्हणजे मूलतः एक अंधारी पेटी. तिच्या पुढच्या बाजूस भिंग असतें व मागच्या बाजूस प्रकाश टिपून घेणारा पदार्थ असतो. पूर्वीं ती कांच किंवा फिल्म असे, आतां तो विजेवर चालणारा संवेदक असतो. अडचण अशी कीं, चित्र टिपण्यापूर्वीं भिंगास काय दिसत आहे हें माणसानें पाहावें कसें? मागच्या बाजूनें पाहावें तर तेथें फिल्म बसलेली, आणि तिला उजेड लागला कीं ती नासलीच.

या अडचणींतून दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग जर्मनींतील लायका कॅमेऱ्याचा. तो १९२५ सालीं बाजारांत आला. त्यांत भिंगाच्या वरच्या अंगास डोळा लावून पाहण्याची एक निराळी खिडकी होती. कॅमेरा लहान व सुटसुटीत राहिला. परंतु खिडकी एका जागीं आणि भिंग दुसऱ्या जागीं असल्यामुळें, वस्तु जवळ असली म्हणजे डोळ्यास दिसलेली चौकट व चित्रांत उतरलेली चौकट यांत फरक पडे. दुसरा मार्ग आरशाचा. भिंगाच्या मागें ४५ अंशांच्या कोनांत एक आरसा बसवावयाचा. त्यावर पडलेलें दृश्य वर परावर्तित होऊन एका पंचकोनी लोलकांतून डोळ्यापर्यंत पोंचावयाचें. बटण दाबलें कीं आरसा वर उचलला जातो, शटर म्हणजे प्रकाशाची झडप उघडते, आणि जो प्रकाश डोळ्याकडे जात होता तो मागें फिल्मवर पडतो. त्या क्षणापुरती खिडकी काळी होते. ड्रेस्डेन शहरांत तयार झालेला किने एक्झॅक्टा (१९३६) हा लहान फिल्मवर चालणारा या जातीचा प्रसिद्ध कॅमेरा. जपानी असाहीफ्लेक्सच्या १९५४ सालच्या आवृत्तींत, चित्र टिपल्याबरोबर आरसा आपोआप खालीं येण्याची सोय झाली. आणि १९५९ सालीं निकॉन एफ निघाल्यावर ही जात वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांच्या हातीं सर्वत्र दिसूं लागली. पुढें सुमारें अर्धें शतक 'खरा कॅमेरा' म्हणजे आरशाचा कॅमेरा अशीच लोकांची समजूत होती.

परंतु आरसा फुकट राहत नाहीं. त्यास जागा द्यावी लागते. निकॉनच्या त्या कॅमेऱ्यांत भिंग बसविण्याच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचें अंतर ४६.५ मिलिमीटर ठेवावें लागलें, कारण तेवढ्यांत आरसा हलला पाहिजे. त्यावर लोलकाचें मखर आलें. अशा रीतीनें पेटी जाड आणि जड झाली. ती लग्नांत आणि सभासमारंभांत शोभे. बाजारांत भाजी आणावयास जातांना तिला कोणी गळ्यांत घालून नेत नसे.

आरशाची गरज संपली ती संवेदकामुळें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉयल व जॉर्ज स्मिथ या दोघांनीं १९६९ सालीं प्रकाशाचें विद्युत्भारांत रूपांतर करून तो ओळीनें वाचतां येईल असें साधन कल्पिलें. त्याबद्दल २००९ सालच्या नोबेल पारितोषिकांत त्यांस वांटा मिळाला. १९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानें अशाच संवेदकावर चालणारा कॅमेरा तयार केला. त्याचें वजन सुमारें ३.६ किलो होतें, चित्रांत अवघे १०,००० बिंदु होते, आणि एक चित्र कॅसेटवर नोंदण्यास २३ सेकंद लागत. आज हें ऐकून हंसूं येतें; पण त्या ओबडधोबड पेटींत पुढचें सारें बीजरूपानें होतें. फिल्मला काय दिसलें हें ती धुतल्याशिवाय सांगूं शकत नसे. संवेदक मात्र आपणांस काय दिसत आहे तें तत्क्षणीं सांगूं शकतो. मग मध्यें आरसा कशास हवा? संवेदकानेंच आपलें दृश्य एका लहान पडद्यावर दाखवावें म्हणजे झालें. २००८ सालीं पॅनासॉनिक कंपनीनें भिंग बदलतां येणारा, पण आरसा काढून टाकलेला ल्युमिक्स जी१ हा कॅमेरा आणला, आणि तेव्हांपासून या जातीची भराभर वाढ झाली.

आमच्या हातीं आहे तो सोनी कंपनीचा अल्फा ६००० हा कॅमेरा. ही आवृत्ति २०१४ सालची. आम्हीं ती दुसऱ्याच्या हातची घेतली. हिच्यांत भिंगाच्या कड्यापासून संवेदकापर्यंतचें अंतर केवळ १८ मिलिमीटर आहे. आरशाच्या कॅमेऱ्याच्या ४६.५ मिलिमीटरांशीं हा आंकडा ताडून पाहावा, म्हणजे आरसा गेल्यानें काय साधलें हें निराळें सांगावें लागत नाहीं. कॅमेऱ्याची रुंदी १२० मिलिमीटर, उंची ६७ मिलिमीटर. बॅटरी व मेमरी कार्ड यांसह वजन ३४४ ग्रॅम. सोबतचें लहान भिंग ११६ ग्रॅम. म्हणजे सगळा संसार अर्ध्या किलोच्या आंत. संवेदकावर बिंदु मात्र २ कोटि ४३ लक्ष. डबा, वह्या आणि छत्री यांच्या शेजारीं तो आमच्या पिशवींत बसतो आणि बसला आहे याची आठवणही राहत नाहीं. आमच्या मनावर पहिला ठसा उमटला तो याचाच. ज्या दिवशीं चित्र काढावयाचें ठरविलेलें नसतें, त्या दिवशींही तो जवळ असतो.

दुसरा ठसा याहून खोल आहे. तो समजण्यास प्रकाशाचा हिशेब थोडा समजला पाहिजे. नळाखालीं घागर भरावयाची आहे असें समजा. नळ मोठा सोडला तर घागर लवकर भरते, बारीक सोडला तर वेळ लागतो. भिंगाचें छिद्र हा नळ. शटर उघडें राहण्याचा काळ हा वेळ. संवेदकाकडून येणारी खूण किती वाढवून घ्यावयाची हें ठरविणारी तिसरी एक किल्ली असते. तिला आयएसओ म्हणतात. ती वाढविली कीं थोड्या प्रकाशांतही काम भागतें, पण चित्रावर वाळूसारखे दाणे उमटूं लागतात. खोखोंत धांवणारी मुलगी स्पष्ट यावी म्हणून शटर एका सेकंदाच्या पांचशेंाव्या भागापुरतेंच उघडावें लागतें. मग प्रकाश कमी पडतो, तो छिद्र मोठें करून किंवा आयएसओ वाढवून भरून काढावयाचा. सारी विद्या एवढीच आहे.

आरशाच्या कॅमेऱ्यांत या किल्ल्या कशाही फिरविल्या तरी खिडकींतील दृश्य तसेंच उजळ राही. हिशेब बरोबर आला कीं चुकला हें चित्र निघाल्यावर कळे, आणि फिल्मच्या काळीं तर ती धुऊन येईपर्यंत. या कॅमेऱ्यांत चाक फिरवितांच खिडकींतील दृश्य डोळ्यांदेखत उजळतें किंवा काळवंडतें. जें चित्र निघावयाचें आहे त्याची उजळणी आधींच डोळ्यापुढें होते.

आठवीच्या वर्गांत आम्हीं हें मुलांस दाखविलें. खिडकीपाशीं एक विद्यार्थिनी वाचीत बसली होती व बाहेर अंगणांत लख्ख ऊन पडलें होतें. प्रथम पाहिलें तेव्हां बाहेरचें झाड, कुंपण, आकाश सर्व सुरेख दिसत होतें, पण मुलीचा चेहरा कोळशासारखा काळा. चाक थोडें फिरविलें. चेहरा उजळला, पुस्तकाचें पान दिसूं लागलें, परंतु बाहेरचें झाड पांढऱ्या धुक्यांत विरून गेलें. मुलांनीं एकेक करून डोळा लावून पाहिलें. त्यांतील एकानें विचारलें, "मग सर, खरें कोणतें?" प्रश्न मार्मिक होता. आपला डोळा झाडाकडे वळला कीं झाडापुरता सांवरतो, चेहऱ्याकडे वळला कीं चेहऱ्यापुरता. मन तीं सारीं दर्शनें जोडून एक चित्र करतें, म्हणून आपणांस दोन्ही दिसतात. कॅमेऱ्याच्या एका चित्रास एकाच क्षणीं निवड करावी लागते. दोन्ही खरीं, पण एक हवें असेल तर दुसरें सोडावें लागतें. आणि काय सोडावयाचें हें यंत्र ठरवीत नाहीं. त्याच्या आपोआप चालण्याच्या सोयी पुष्कळ आहेत, पण त्या सरासरीनें चालतात. मुलीचा चेहरा झाडापेक्षां मोलाचा आहे हें त्यांस कोण सांगणार? तें बटण दाबण्यापूर्वीं आपण ठरवावयाचें असतें. आरसा गेल्यानें कॅमेरा नुसता हलका झाला नाहीं. 'मला काय कळणार होतें?' ही सबबही त्यानें काढून घेतली.

दोषही सांगितले पाहिजेत. डोळ्यास दिसतें तें प्रत्यक्ष दृश्य नव्हे, पडद्यावरचें प्रतिबिंब असतें. मंद उजेडांत त्यांत दाणे दिसतात, आणि कॅमेरा झपाट्यानें वळविला तर तें किंचित् मागें राहतें. पडदा सतत चालूं असल्यामुळें या जातीच्या कॅमेऱ्यांस वीज फार लागते; प्रमाण-चांचणीप्रमाणें या आवृत्तीच्या एका बॅटरींत सुमारें ३६० चित्रें होतात, तेव्हां सहलीस जातांना दुसरी बॅटरी जवळ असावी. भिंग बदलतांना संवेदकापुढें आरशाचा आडोसा नसतो, म्हणून उन्हाळ्याच्या धुळींत तें काम घरांत, कॅमेऱ्याचें तोंड खालीं करून करावें. पावसाळ्यांत दमट कपाटांत ठेवलेल्या भिंगावर बुरशी येते. ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी घालून घट्ट झांकणाच्या डब्यांत कॅमेरा ठेवणें हा त्यावर सोपा उपाय आहे. शिवाय वेगाचा मोह आहे. हा कॅमेरा एका सेकंदांत ११ चित्रें काढूं शकतो. चार सेकंद बोट दाबून धरलें कीं ४४ चित्रें झालीं. पण तीं पाहून त्यांतील ४३ काढून टाकण्यास सारी संध्याकाळ जाते. खोखोच्या सामन्यांत हा वेग वरदान आहे; एरवीं, एक चित्र विचारपूर्वक काढण्याची संवय तो मोडतो.

आतां सुज्ञ पालक विचारतील, 'फोन असतां याची गरज काय?' गरज नाहीं, असेंच आम्ही बहुतेकांस सांगूं. फरक मुख्यतः संवेदकाच्या आकाराचा आहे. या कॅमेऱ्याचा संवेदक २३.५ मिलिमीटर लांब व १५.६ मिलिमीटर रुंद, म्हणजे सुमारें ३६७ चौरस मिलिमीटर आहे. फोनांतील मुख्य संवेदक बहुधा याच्या कित्येक पट लहान असतो. मोठें भांडें पावसांत ठेवलें तर त्यांत पाणी अधिक सांठतें. तसा मोठ्या संवेदकावर एकूण प्रकाश अधिक पडतो, म्हणून कंदिलाच्या किंवा संधिप्रकाशाच्या उजेडांत त्याचें चित्र अधिक निर्मळ येतें. फोन हें न्यून गणिताच्या बळावर भरून काढतो, अनेक चित्रें एकावर एक रचून एक करतो, आणि तें काम तो आतां फार चांगलें करतो. म्हणून ज्याच्या घरीं फोन आहे त्यानें पुढें सांगितलेलें फोननेंही करावें. त्यांत कांहीं उणें नाहीं.

मुंबईंत १८५४ सालीं 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' ही संस्था स्थापन झाली, म्हणजे आपल्या प्रांतांत ही कला फार जुनी आहे. त्या काळीं ओल्या रसायनाच्या कांचांवर चित्रें काढीत व चित्र उमटण्यास कित्येक सेकंद लागत. तेवढा वेळ माणसानें पुतळ्यासारखें बसावें लागे. हंसूं टिकत नसे, म्हणून कोणी हंसत नसे. पुढें शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेगवान् झालें, पण ताठ उभें राहण्याची ती रीत आपल्या घरांत अजून टिकून आहे. लग्न, मुंज, बारसें, वाढदिवस, शाळेचा वार्षिक समूह-फोटो, इतक्या प्रसंगीं चित्र काढावयाचें. मधले सारे दिवस कोरे.

याचा परिणाम घरांत मृत्यु घडतो तेव्हां दिसतो. गेलेल्या माणसाचें चित्र भिंतीवर लावावयाचें असतें, आणि शोधूं जातां तें सांपडत नाहीं. मग कोठल्याशा लग्नाच्या समूहांतील गव्हाच्या दाण्याएवढा चेहरा कापून मोठा करतात, किंवा आधार कार्डावरचें चित्र वाढवून घेतात. जिनें चाळीस वर्षें पहांटे उठून भाकऱ्या थापल्या, तिची आठवण म्हणून सरकारी कचेरींतील पडद्यापुढें, डोळे वटारून बसलेला एक अनोळखी चेहरा उरतो. तिचे हात कसे होते, चुलीपुढें ती कशी बसे, नातवास हांक मारतांना मान कशी कलती करी, यांतलें कांहींच उरत नाहीं. फोनांत हजारों चित्रें असूनही असें होतें; कारण रोज डोळ्यांसमोर असलेलें माणूस चित्र काढण्याजोगें आहे असें आपणांस वाटतच नाहीं.

जो कॅमेरा रोज पिशवींत असतो त्याचा खरा उपयोग येथें आहे. आम्हीं या वर्षांत घंटा देणारे शिपाईदादा टिपले, डबे उघडून एकमेकींची भाजी वांटून घेणाऱ्या मुली टिपल्या, पहिल्या पावसांत चपला हातांत घेऊन येणारीं मुलें टिपलीं. पडदा वर वळवून कॅमेरा कमरेशीं धरतां येतो, म्हणून शिशुवर्गांतील बालकांचें चित्र त्यांच्याच उंचीवरून काढतां येतें. मोठ्या माणसाच्या उंचीवरून पाहिलेलें मूल नेहमीं लहान दिसतें. त्याच्या उंचीवरून पाहिलें कीं तें आपल्या जगाचा धनी दिसतें.

या कामांत एक अनुभव विशेष बोधप्रद झाला. आमच्या शाळेंत वर्ग झाडणाऱ्या मावशी आहेत. त्यांचें चित्र काढावें म्हणून आम्हीं परवानगी विचारली, तेव्हां त्या पदर सांवरीत म्हणाल्या, "असल्या अवतारांत नका काढूं, सर. उद्यां चांगली साडी नेसून येतें, मग काढा." दुसऱ्या दिवशीं त्या खरोखरच नवी साडी नेसून आल्या व भिंतीपाशीं हात सरळ ठेवून उभ्या राहिल्या. तें चित्र आम्हीं काढलें. पुढें कांहीं दिवसांनीं, त्यांच्या संमतीनेंच, केर भरतांना मुलींच्या कसल्याशा थट्टेवर त्या खळखळून हंसल्या तें दुसरें चित्र निघालें. दोन्ही कागदावर उतरवून त्यांच्या हातीं दिलीं. त्यांनीं बराच वेळ पाहिलें. पहिलें चित्र वर करून त्या म्हणाल्या, "हें चौकटींत बसवून भिंतीला लावणार." मग दुसऱ्यावरून बोट फिरवीत म्हणाल्या, "आणि हें मुलाला पाठवायचें. तो तिकडे लांब कामाला आहे. 'आई, कशी आहेस?' म्हणून रोज फोनवर विचारतो. बघूं दे त्याला, कशी आहे."

आम्हांस वाटतें, या दोन चित्रांत सारें शास्त्र आलें. पहिलें चित्र माणसास आपण कसें दिसावें असें वाटतें तें सांगतें. तो त्याचा मान आहे, आणि तो हिरावून घेण्याचा अधिकार कॅमेरा हातीं धरणाऱ्यास नाहीं. दुसरें चित्र तें माणूस आपल्यांमध्यें कसें वावरलें तें सांगतें. घरास दोन्ही हवींत. पहिलें पुष्कळ घरांत असतें. दुसरें काढावयाचें राहून जातें.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें आहे कीं, या सुट्टींत फोन असो वा कॅमेरा असो, घरांतील प्रत्येक माणसाचें त्याच्या रोजच्या कामांतलें एक तरी चित्र काढावें. प्रथम विचारावें, 'नको' म्हटलें तर थांबावें. खिडकीचा उजेड चेहऱ्यावर येईल असें उभें राहावें. मागें काय आहे तें पाहावें. मग एकदांच, विचार करून बटण दाबावें. दुसऱ्याचीं, विशेषतः लहान मुलांचीं चित्रें त्यांच्या पालकांच्या संमतीवांचून इंटरनेटवर ठेवूं नयेत. आणि पालकांस विनंती कीं, वर्षाकाठीं दहाबारा चित्रें तरी कागदावर उतरवून घ्यावींत. फोन हरवतो, मेमरी कार्ड बिघडतें, परवलीचा शब्द विसरतो. कागदावरचें चित्र पेटींत निजून राहतें व उघडल्याबरोबर बोलूं लागतें. त्याच्या पाठीवर हलक्या हातानें नांव, गांव व तारीख लिहावी. चित्रांतील माणूस कोण हें आज घरांत सर्वांस ठाऊक असतें; पन्नास वर्षांनीं तें फक्त त्या एका ओळीस ठाऊक असेल.